नहरावरचे सर

आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात, आणि पँट-शर्ट घालून चष्मा लावलेल्या कुठल्याही वयस्क माणसाला सर म्हणतात. यातली पहिली गोष्ट बाहेरच्या माणसाला एकदा सांगितली की समजते. दुसरी मला, इथंच जन्म काढूनही, अगदी अलीकडे समजली.

मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहतो. नोकरीभर मी विजेच्या ऑफिसात बिलांच्या तक्रारींची खिडकी सांभाळली. मध्ये लोखंडी जाळी आणि पलीकडे तापलेली माणसं, त्यामुळे मोठ्यानं, तोडून तोडून आणि एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायची सवय लागली. ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. बायको म्हणायची, भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तुम्ही मला तक्रार क्रमांक दिल्यासारखं सांगता. आता ती नाही. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते, मी जेवलो का विचारते, आणि मी जेवलेलो असतो.

आमच्या वस्तीच्या मागून नहर पवनारच्या दिशेनं जातो. त्याच्या पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, पूर्वी फक्त बैलगाड्या आणि शेतावर निघालेल्या बाया जायच्या. मग कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि तिथं सिमेंटचे गट्टू बसवले, बाकडी टाकली, पाळीच्या एका अंगाला सायकलचं चित्र रंगवलं आणि दुसऱ्या अंगाला चालणाऱ्या माणसाचं. सरकारनं आपल्यासाठी काही चांगलं केलं की मला आधी संशय येतो. पण रस्ता खरंच चांगला होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कपाशी आणि तुरीची शेतं, मध्येच एखादा पळस. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी आठनंतर बाहेर पडणं म्हणजे शिक्षाच असते, पण उजाडता उजाडता नहरावर अंगाला वारा लागायचा. पोलीस भरतीची पोरं धापा टाकत पळायची. मॅक्सीवर ओढणी घेतलेल्या बायका हात झुलवत, अख्ख्या वस्तीच्या सुनांचा हिशोब करत चालायच्या. आणि पवनारकडून सायकलवर सर यायचे.

त्यांना मी सर म्हणायचो आणि ते मला सर म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही. ते काळ्या जुन्या सायकलवरून यायचे, पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे. तिसऱ्या बाकड्यापाशी ते मला दिसले की उतरायचे, आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर नालवाडीच्या पुलापर्यंत चालायचे. पुलाशी आलो की ते सायकल वळवायचे, "येतो सर" म्हणायचे, टांग मारायचे आणि परत पवनारकडे जायचे. रोज हेच. आणि रोज भेटल्यावर पहिलं वाक्यही एकच.

"काऊन हो सर, उशीर केला आज?"

मी वेळेच्या आधी आलेलो असलो तरी हेच. त्यावर माझंही उत्तर ठरलेलं होतं.

"तुमचीच घडी पुढं हाय."

घरी मी पुस्तकी मराठी बोलतो, मुलीला तीच लावली. पण नहरावर माझी भाषा आपोआप सैल व्हायची.

ते विज्ञानाचे शिक्षक असणार हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. त्यांना प्रत्येक वस्तूवर टिचकी मारून बघायची सवय होती. नहराच्या फाटकाला, बाकड्याच्या लोखंडी पायाला, विजेच्या खांबाला. टिचकी मारायचे, कान द्यायचे आणि मान हलवायचे. माझ्या हातातल्या स्टीलच्या बाटलीवर त्यांनी एकदा नख वाजवलं आणि म्हणाले, "आवाज ऐका सर. बसका हाय. यात पानी थंड नाई राह्यत." खरंच राहत नव्हतं. मला वाटलं, प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस आहे, नाहीतर असं कुणाला सुचतं.

आम्ही काय बोलायचो, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. काल रात्री कशाची भाजी होती. आष्टीकडची संत्री यंदा आंबट का आहेत. डाव्या गुडघ्यापेक्षा उजवा गुडघा जास्त दुखतो तो झोपण्याच्या कुशीमुळे का. मोबाईल दोघंही घरी ठेवून यायचो. ते म्हणायचे, चालताना खिशात घरदार कशाले पायजे. नाव विचारायची कधी गरज पडली नाही. सर म्हटलं की ते बघायचे, सर म्हटलं की मी बघायचो. नहरावर तिसरं कुणी आम्हाला हाक मारत नव्हतं.

बायको गेली तेव्हा मी बरेच दिवस नहरावर गेलो नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी गेली, आणि दुसऱ्या सकाळी मी भादरलेलं डोकं टोपीखाली झाकून निघालो. त्या दिवशी ते तिसऱ्या बाकड्यापर्यंत थांबले नाहीत. लांबून मला पाहिलं आणि तिथंच सायकलवरून उतरले, आणि तेवढं सगळं अंतर सायकल ढकलत चालत आले. उशीर केला म्हणाले नाहीत. आम्ही पुलापर्यंत चाललो. पुलाशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सायकल न वळवता माझ्याबरोबर परत माघारी, पुन्हा पुलापर्यंत, असे दोन फेरे मारले. घरी आलेल्या सगळ्यांनी मला काही ना काही समजावून सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य मला आज आठवत नाही. सायकलच्या चेनची टकटक मात्र कानात आहे.

म्हणून एका सकाळी पुलाशी गेलो आणि पाळीच्या तोंडावर माणसाच्या उंचीचे टिनाचे पत्रे ठोकलेले दिसले, तेव्हा मला फक्त रस्ता बंद झालाय असं वाटलं नाही. पत्र्यावर पाटी होती. काम सुरू असल्यामुळे सदर मार्ग पुढील आदेशापर्यंत बंद. मॅक्सीवाल्या बायका पाटी वाचून हसत हसत परत फिरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून एकीच्या गच्चीवर चालू लागल्या. पोरांनी पत्र्याचा एक कोपरा वाकवला आणि आत घुसली. मग दोन पोरं खणलेल्या खड्ड्यात पडली, आणि तो कोपराही तारेनं आवळला गेला. मी पाटीसमोर उभा राहून पलीकडे कान देत होतो. काम सुरू असण्याचा कुठलाच आवाज येत नव्हता.

पहिले काही दिवस मी रोज पुलाशी जायचो. मला वाटायचं, ते पवनारकडच्या टोकाला असेच उभे असतील. मध्ये अख्खा नहर आणि दोन्ही बाजूंनी पत्रे. हायवेवरून गेलं तर पवनार काही लांब नाही, पण तो ट्रकचा रस्ता आहे, तिथं चालणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं. महिनाभरात उघडेल, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

पावसाळा आला. पाळ एका ठिकाणी खचली असं ऐकलं. मग पाणी सोडायचं म्हणून काम थांबलं, पाणी बंद झाल्यावर ठेकेदार गायब झाला, आणि ठेकेदार सापडला तेव्हा पुन्हा पाणी सोडायची वेळ आली. हे मला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कळलं. तिथं मी जाळीच्या खिडकीसमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूला होतो. आतला पोरगा फाईलमधून मान वर न करता म्हणाला, "काम सुरू हाय काका."

"काय काम सुरू आहे?"

"सुरू हाय."

तो सूर माझ्या ओळखीचा होता. मला स्वतःला काहीच माहीत नसायचं तेव्हा मीही तसाच बोलायचो. मी पुढं काही विचारलं नाही, नमस्कार केला आणि बाहेर आलो.

चालायला मी दुसरीकडे जाऊन पाहिलं. शाळेचं मैदान पाहिलं. तिथं गोल गोल फिरताना मला तेल्याच्या घाण्याला जुंपल्यासारखं वाटायचं. वस्तीतल्या गल्ल्या पाहिल्या. तिथं प्रत्येक फाटकातून कुणीतरी विचारायचं, काका, कुठं निघाले. कुठंही निघालेलो नसताना याचं उत्तर देणं फार जड जातं. शेवटी मी घरातच, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालू लागलो. मध्ये एकदा माझ्या लक्षात आलं की आज दिवसभरात मी तोंडातून एकही शब्द काढला नाही. दूधवाला पिशवी अडकवून गेला होता. मी उगाच मोठ्यानं म्हणालो, "तुमचीच घडी पुढं हाय." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, आणि मी घाबरलो.

त्या दिवशी मी ठरवलं की सरांना शोधायचं.

बसनं पवनारला गेलो. स्टँडवरच्या पानठेल्यावर विचारलं, "इथे एक रिटायर झालेले विज्ञानाचे सर राहतात ना?" पानठेल्यावाल्यानं मला खालवर पाहिलं. "कोनते सर?" म्हणाला. पवनारात काय, वर्ध्यात काय, दगड मारला तर सराला लागतो. सायकलवाले म्हणालो. "सगळ्याइजवळच सायकल हाय." पायाला चिमटे लावणारे म्हणालो. यावर तो आणि बाजूचे दोघं हसले. पण माणूस भला होता. त्यानं एकाला माझ्यासोबत दिलं आणि आम्ही विज्ञानाच्या सरांच्या घरी पोचलो.

दार उघडलं ते भलत्याच माणसानं. हे सर उंच होते, टक्कल होतं, अंगात घरची बंडी. मी माफी मागून निघायला लागलो, पण त्यांनी मला हात धरून आत नेलं. चहा केला, स्वतः केला, घरात दुसरं कुणी दिसलं नाही. मी कुणाला शोधतोय हे मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मग ते मला त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल सांगू लागले, कोण कुठं इंजिनिअर आहे, कोण डॉक्टर. मधूनच विचारलं, "तुमचा मुलगा कोनत्या बॅचचा?" मला मुलगा नाही, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. चहा संपला तरी बसलो. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "येत जाजा जी. मी घरीच असतो." मी हो म्हणालो. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला वाटलं, चुकीच्या माणसाला शोधून मी एक हरवलेला माणूस वाढवून ठेवलाय.

त्यानंतर मी शोध सोडला. पत्र्यांना गंज चढला. पाटीचा रंग उडून फक्त "आदेशापर्यंत" एवढंच वाचता येऊ लागलं. पाळीवर गाजरगवत छातीएवढं वाढलं, आणि नहर असा काही होता हे वस्तीतल्या लहान मुलांना सांगावं लागेल अशी परिस्थिती आली.

मग एक दिवस शेजारची वहिनी वाळवणाच्या कुरड्या घेऊन आली. आमच्या घरी आता वाळवण होत नाही म्हणून ती दर उन्हाळ्यात देते. दारात उभी राहून इकडचं तिकडचं बोलताना म्हणाली, "हिवाळ्यात एक आजोबा आलते पाहा गल्लीत. लय दमले होते बिचारे. सर कुठं राह्यते म्हने."

"कोणते सर?" मी विचारलं.

"तेच तं. मी म्हटलं, आमच्या गल्लीत दोन सर हायेत. दोघाइचीही घरं दाखवली. दोन्ही घरी जाऊन आले आन् म्हने, हे नाई. मंग म्हने, नहरावर फिराले जायचे ते सर. मी म्हटलं, आता मले नाई मालूम बाप्पा."

"सायकल होती का?"

"नाई, पायीच होते. पन पायाले चिमटे लावून होते. मले हासूच आलं, सायकल नाई आन् चिमटे."

माझ्या हातातली कुरड्यांची पिशवी मी ओट्यावर ठेवली. "वहिनी," मी म्हणालो, "त्यांना माझं घर का नाही दाखवलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तुमचं काऊन दाखवू? तुमी थोडीच सर हा?"

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ ओट्यावरच बसून राहिलो. हिवाळ्यातल्या त्या दिवशी मी घरातच असणार; मी कुठं जात होतो? पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालत असेन. माझ्या दारावरून ते गेले असतील, दमून, दोन भलत्याच सरांना भेटून. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि कुणाजवळ हसावं ते कळेना. इतक्या वर्षांत मी त्यांना सांगितलं नाही की मी सर नाही, मी बिलाच्या खिडकीवरचा क्लार्क आहे. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आपल्याला कुणी मान देऊन बोलावतं तर आपण तो घेतो, परत कशाला करायचा.

आणि मग डोक्यात उजेड पडला. मी सर नाही. मग तेही सर नसले तर?

त्या रात्री मी बाटलीवर नख वाजवून पाहिलं. बसका आवाज आला. भांड्याचा आवाज असा कान देऊन कोण ऐकतं? शाळेतला शिक्षक ऐकत नाही. आमच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी भांडी घेतली होती, तेव्हा दुकानदार प्रत्येक गंज-पातेल्याला टिचकी मारून दाखवत होता, ते मला लख्ख आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याच्या बाजारात भांड्यांच्या ओळीत गेलो. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं कपाळ आणि भुवया पाहूनच मला कळलं, तरी मी विचारलं, "तुमचे वडील सायकलवर नहरानं फिरायला जायचे का?"

तो उठून उभा राहिला. "तुमी सर हा का?"

"हो," मी म्हणालो. "मीच ते सर."

त्यानं मला आत नेऊन बसवलं आणि तो सांगू लागला. पवनारातल्या त्यांच्या घरापासून नहर जवळ होता, रस्ता बंद झाल्यावर वडील हायवेनं सायकलवर निघायचे, एकदा ट्रकनं कट मारला आणि ते थोडक्यात वाचले. मग मुलानं सायकलला कुलूप लावून ठेवलं. "तरी ऐकत नव्हते. बसनं नालवाडीले जाऊन शाळा-शाळांत इचारायचे, रिटायर झालेले सर कोन हायेत म्हनून. मी म्हटलं, बाबा, नाव तं सांगा. तं म्हनत, नाव काय करतं, सर हायेत." तो हसला. "अन् तुमी त्याइले सर म्हनत होते म्हने. आमचे बाबा पाचवीतून दुकानात बसले जी."

मी विचारलं, ते कुठे आहेत. विचारताना माझा आवाज खिडकीवरच्यासारखा मोठा झाला.

ते सुरतला होते, मोठ्या मुलाकडे. इथं एकटे फिरतात, पडतील, म्हणून नेलं होतं. परत आणायचं अजून काही ठरलं नव्हतं. मुलानं मला नंबर दिला.

फोन मी दुसऱ्या दिवशी केला, उजाडल्यावर, आमच्या वेळेला. ओट्यावर बसलो आणि लावला. बऱ्याच रिंगनंतर त्यांचा आवाज आला, मागे गाड्यांचे हॉर्न होते.

मी नमस्कार म्हणालो आणि माझं नाव सांगितलं, पहिल्यांदाच.

"कोन?"

मी पुन्हा सांगितलं, आडनावासकट, तोडून तोडून.

"मी नाई ओळखलं जी," ते म्हणाले. "रॉंग नंबर झाला वाटते."

"सर बोलून राह्यलो," मी म्हणालो. "नहरावरून."

हॉर्न वाजत राहिले. मला वाटलं, फोन ठेवला.

"काऊन हो सर," ते म्हणाले, "उशीर केला आज?"

मला उत्तर पाठ होतं. मी म्हणालो, तुमचीच घडी पुढं हाय, आणि ते हुं म्हणाले. मग सुरतची भाजी गोड असते म्हणाले, त्यात गूळ घालतात. उजवा गुडघा आता डाव्यापेक्षा बरा आहे. इथं गच्चीवर चालतात, पण गच्चीला दुसरं टोकच नाही. मी सर नसल्याचं त्यांना सांगणार होतो, ते राहूनच गेलं. त्यांनीही काही सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "नहर सुरू झाला का?"

"नाई अजून," मी म्हणालो. "पत्रे तसेच हायेत. गवत वाढलं हाय."



"बरं झालं," ते म्हणाले. "नाई तं तुमी एकटेच चालले असते."